तापलेले गणकयंत्र

गेल्या मे महिन्यात माझा भाचा वलवणला राहायला आला तो लॅपटॉप घेऊनच. साधे लिहिणे-वाचणे चाले तोवर यंत्र गुणी; पण मोठा प्रोग्राम कंपाइल करायला घेतला, म्हणजे माणसाने लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरवायला लावल्या, की पंधरा मिनिटांत पडदा काळा! "मामा, तुमच्या गावची वीजच वाईट," तो म्हणाला. हे मला झोंबले. ज्या वलवणच्या तलावाचे पाणी घाट उतरून १९१५ सालापासून खोपोलीच्या वीजघरात पडते आणि ज्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरल्या, त्या गावाला हा टोमणा! शिवाय विजेने दगा दिलाच असता, तर आतली बॅटरी कशासाठी असते?

खरे तर हे दुखणे गणकयंत्राइतकेच जुने आहे. अमेरिकेतल्या १९४६ सालच्या एनिअ‍ॅकमध्ये सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. ते दीडशे किलोवॅट वीज खाई आणि तिची उष्णता बाहेर काढण्यासाठी पंखे घुमत. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली पुरे केलेल्या यंत्रातही अशा २,७०० नळ्या होत्या. पुढे त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, दालनाएवढे यंत्र मांडीवर मावले. पण वीज खाणार ते तापणार, हे काही चुकले नाही. कंपाइल करताना प्रोसेसरचे सगळे गाभे एकदम कामाला जुंपले जातात. पारा शंभर अंशांच्या आसपास गेला की प्रोसेसर आधी वेग कमी करतो आणि तेवढ्याने भागले नाही तर जीव वाचवण्यासाठी स्वतःच बंद पडतो.

१९९० नंतर हौशी मंडळी घरोघरी लिनक्स कंपाइल करू लागली, तेव्हा कंपायलर मध्येच 'सिग्नल ११' म्हणून मान टाकी. त्यातून त्यांनी एक पारख शोधली, ती मला फार आवडते. दर वेळी त्याच ओळीवर अडले तर बहुधा लिहिणाऱ्याची चूक. जागा बदलत राहिली तर संशय यंत्रावर, विशेषतः स्मृतीच्या चिपांवर. आणि यंत्र चालू राहून नुसता कंपायलरच मारला गेला, तर रॅम अपुरी पडली असे समजावे.

भाच्याचे यंत्र दर वेळी निराळ्या जागी आणि साफ बंद पडे. रात्रभर रॅमची चाचणी लावली. ती निर्दोष निघाली. मग पाठ उघडली, तो पंख्यात कापसाचा बोळा! हे महाशय लॅपटॉप गोधडीवर ठेवून काम करीत होते. पंखा साफ केला, एकावेळी आठ कामे चालत ती चारांवर आणली आणि यंत्र खाली हवा खेळेल अशा लाकडी पाटावर ठेवले. दीड तास लागला, पण काम तडीस गेले.

गावच्या विजेबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. जाताना पाट मात्र मागून नेला.