फुलीची खाच

मोटारसायकलचे इंजिन उघडायचे तर आधी त्याच्या बाजूचे अ‍ॅल्युमिनियमचे झाकण काढावे लागते. जुन्या गाड्यांत हे झाकण फुलीच्या खाचेच्या स्क्रूंनी बसवलेले असते, आणि त्यातला एखादा हमखास अडतो. स्टार स्क्रू-ड्रायव्हर लावून जोर करावा, तर तो खाचेतून वर उसळतो. दोन-तीनदा असे झाले की फुलीच्या कडा झिजतात आणि तिथे नुसता गोल खड्डा उरतो. गॅरेजमध्ये याचे खापर शिकाऊ पोराच्या हातावर फुटते. आम्हीही असे स्क्रू बिघडवले आहेत, तेव्हा त्या पोराची बाजू मांडायला हरकत नाही.

स्क्रूच्या डोक्याला पूर्वी एकच सरळ चीर असे. हाताने काम करणाऱ्या सुताराला ती पुरत होती. मोटारींचे कारखाने आले तेव्हा अडचण झाली, कारण यंत्राने फिरणारा ड्रायव्हर चिरेतून बाजूला सरकतो. कॅनडातील पी. एल. रॉबर्टसन यांनी १९०८ साली चौकोनी खाचेचा स्क्रू काढला. तो सहसा घसरत नसे. फोर्डच्या गाड्यांतही तो वापरला गेला, पण परवान्याच्या अटींवर दोघांचे जमले नाही आणि हा स्क्रू मुख्यतः कॅनडापुरता राहिला.

अमेरिकेतील पोर्टलंडचे हेन्री फिलिप्स यांनी जॉन थॉम्पसन यांच्याकडून फुलीच्या खाचेची कल्पना घेतली, ती सुधारली आणि १९३६ साली पेटंटे मिळवली. जनरल मोटर्सने कॅडिलॅक गाड्यांच्या जोडणीत हा स्क्रू वापरला आणि त्याचे नशीब उघडले. फिलिप्सची खाच आत निमुळती होत जाते. त्यामुळे ड्रायव्हरचे टोक न पाहता टेकवले तरी ते आपोआप मध्यभागी येते. यंत्राला हेच हवे होते.

पण खोडही याच निमुळतेपणात आहे. खाचेच्या भिंती उताराच्या असल्यामुळे फिरवण्याच्या जोराचा काही भाग ड्रायव्हरला वर ढकलतो. जितका जोर जास्त, तितका हा धक्का जास्त. स्क्रू प्रमाणाबाहेर आवळला जाऊ नये म्हणून फिलिप्सने मुद्दामच अशी खाच केली, असे पुष्कळदा सांगितले जाते. मूळ पेटंटांत मात्र हा हेतू दिलेला नाही. तो १९४९ साली मंजूर झालेल्या एका सुधारित खाचेच्या पेटंटात येतो. हेतू काहीही असो, जोडणाऱ्याचा विचार झाला होता. दहा वर्षांनी तोच स्क्रू उघडणाऱ्याचा कोणी केला नव्हता.

जपानमध्ये या स्क्रूबद्दल एक गोष्ट सांगतात. सोइचिरो होंडा १९५४ साली आइल ऑफ मॅनची मोटारसायकल शर्यत पाहायला युरोपात गेले आणि येताना फुलीचा एक स्क्रू खिशात घालून घेऊन आले. गोष्टीत भर किती पडली असेल ती असो. पुढच्या काळात जपानी मोटारसायकलींच्या इंजिनांवर फुलीचे स्क्रू सर्रास दिसू लागले. जपानी औद्योगिक मानकाची खाच मात्र फिलिप्सच्या खाचेशी तंतोतंत जुळत नाही. फिलिप्सचे टोक तिच्यात पुरते तळाला बसत नाही, वरच्या कडांवरच टेकते. डोळ्यांना दोन्ही फुल्या सारख्याच दिसतात. पुष्कळ जपानी स्क्रूंच्या डोक्यावर खाचेशेजारी एक बारीक ठिपका असतो, तीच काय ती खूण.

१९८४-८५ पासून जपानी सहकार्याने बनलेल्या शंभर सीसीच्या मोटारसायकली आपल्याकडे आल्या. त्यांच्याबरोबर हे स्क्रूही आले. ठिपक्याचा अर्थ गॅरेजपर्यंत फारसा पोचला नाही.

त्यात रसायनशास्त्र भर घालते. पोलादी स्क्रू, अ‍ॅल्युमिनियमचे आटे आणि पावसाचे पाणी एकत्र आले की छोटी विद्युतघटमालाच तयार होते. अ‍ॅल्युमिनियम क्षरते आणि त्याची पांढरी पूड आट्यांत घट्ट बसते. तापवल्यास ही पकड सैल होऊ शकते: तापमान १०० अंश सेल्सिअसने वाढले तर एक मीटर अ‍ॅल्युमिनियम सुमारे २.३ मिलिमीटर वाढते, पोलाद सुमारे १.२. मात्र जवळ पेट्रोल असते, म्हणून उघडी ज्योत वापरू नये. गरम हवेचे यंत्र वापरावे.

खाच शाबूत असेल तर इम्पॅक्ट ड्रायव्हर उत्तम. त्याच्या मागे हातोडा मारला की आतल्या तिरक्या खाचांमुळे घावाचा काही भाग वळणात बदलतो. टोक वर उसळू पाहते त्याच क्षणी घाव त्याला खाली दाबतो. फिलिप्सच्या उताराला हे थेट उत्तर आहे.

खाच पार गेली असेल तर ड्रिलने स्क्रूचे डोकेच उडवावे. पुष्कळांना याची भीती वाटते, कारण धड आतच राहते. पण आवळलेला स्क्रू हा ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो, आणि आट्यांतले बरेचसे घर्षण त्या ताणामुळे असते. डोके उडाले की ताण संपतो. झाकण ओढून काढावे, बाहेर राहिलेला दांडा पकडीत धरून हळूहळू फिरवावा. मघाशी हातोड्यालाही न जुमानणारा तो स्क्रू पुष्कळदा निमूट बाहेर येतो.