काळ्या पडद्याची कुळकथा

नाटकगृहात पडदा पडला की खेळ संपला असे आपण समजतो. संगणकाचा पडदा मात्र खेळ ऐन रंगात असताना काळा पडतो, आणि नेमके काय संपले हे समोर बसलेल्याला कळत नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, अभियांत्रिकी, वास्तुरचना, ॲनिमेशन असे काहीबाही शिकणारी मुले पुष्कळ. नवे ग्राफिक्स कार्ड घरच्या मिळकतीला झेपत नाही, म्हणून त्यांतला एखादा वापरलेले कार्ड घेतो. घरी आणून बसवतो, आणि तासाभरात पडदा काळा! कधी यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते, कधी आहे तिथेच थिजते. मग निकाल ठरलेला : कार्ड खराब आहे, विकणाऱ्याने फसवले.

हा निकाल कधी खरा असतो. पण पुष्कळदा तो चौकशीआधीच दिलेला असतो. काळा पडदा हे लक्षण आहे, रोग नव्हे. ताप आला म्हणजे हिवतापच, असे कोणताही वैद्य म्हणणार नाही. दोष कार्डात आहे की कार्डाच्या भोवती आहे, हे शोधायचे तर हे कार्ड मुळात जन्माला का आले आणि त्याच्यावर कोणकोणती कामे येऊन पडली, हे पाहिले पाहिजे. कारण जिथे जिथे नवे काम आले, तिथे तिथे बिघाडाची नवी जागाही आली.

सुरुवात आपल्याच मुंबईपासून करू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला संगणक १९६० साली कामाला लागला. १९६२ साली त्याचे टिफरॅक असे नामकरण झाले. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते आणि त्याची स्मृती ४० अंकी २,०४८ शब्दांची होती. विशेष हे, की त्याला एक काचनळीचा पडदाही जोडलेला होता, आणि त्यावर आलेख व अक्षरे उमटत. आता हिशेब करा. आजच्या साध्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात आणि ते सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावे लागतात. टिफरॅकची सगळी स्मृती रिकामी करून दिली असती, तरी आजच्या रंगीत चित्राच्या दोन आडव्या ओळीसुद्धा तिच्यात मावल्या नसत्या! चित्र काढणे हे केवढे ओझे आहे, ते यावरून ध्यानात येईल.

त्या व्हॉल्व्हच्या जमान्यातच बिघाड शोधण्याची एक मोठी शहाणी रीत निघाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये व्हर्लविंड नावाचा संगणक होता. त्याचे अभियंते यंत्राचा वीजदाब मुद्दाम थोडा कमीजास्त करीत. धडधाकट व्हॉल्व्ह हा ताण सोसत. म्हातारे झालेले व्हॉल्व्ह तेवढे गडबडत. म्हणजे ऐन कामात दगा देणारा भाग आधीच हुडकून बदलता येई. ही रीत लक्षात ठेवा. पुढे आपल्याला ती लागणार आहे.

पुढे १९८१ साली आय.बी.एम.चा घरगुती संगणक आला. त्यात चित्राचे काम वेगळ्या कार्डाकडे होते. एक कार्ड नुसती अक्षरे दाखवी, दुसरे थोडे रंग. १९८७ साली व्ही.जी.ए. पद्धत आली. १९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचे वूडू कार्ड आले. त्याची मौज अशी, की ते एकट्याने काही दाखवीतच नसे. जुने कार्ड जागेवर ठेवायचे, त्यातून एक केबल वूडूत आणायची आणि वूडूतून दुसरी पडद्याला न्यायची. मधली केबल राहिली की पडदा काळा, आणि दोन्ही कार्डे ठणठणीत! १९९९ साली एनव्हिडियाने जीफोर्स २५६ काढले आणि आकृतीच्या भूमितीचे गणितही कार्डावर आले. काम वाढले तशी वीज वाढली, वीज वाढली तशी उष्णता. मदरबोर्डवरचा आजचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. २०२२ साली निघालेल्या आरटीएक्स ४०९० या कार्डाला ४५० वॉट लागतात. उरलेली वीज वेगळ्या तारांनी एसएमपीएसमधून आणावी लागते. ज्या कार्डाची सुरुवात चार अक्षरे दाखवण्यापासून झाली, ते आता संगणकातले सर्वांत खादाड गिऱ्हाईक होऊन बसले आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. १९८२ साली, आशियाई खेळांच्या वर्षी, देशात रंगीत दूरदर्शन आले, आणि त्याच दशकात पैठण रस्त्यावरच्या चितेगावला व्हिडिओकॉनचे टीव्ही बनू लागले. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत पहिला रंगीत पडदा चितेगावचा होता. २०१८ साली त्या कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली आणि ते पर्व मावळले. पण काचनळीच्या टीव्हीने दुरुस्ती करणाऱ्यांना एक विद्या शिकवली, ती अजून उपयोगी आहे. चांगला कारागीर पेचकस हाती घेण्याआधी विचारी, "आवाज येतोय का?" आवाज आहे आणि पडद्यावर उजेडच नाही, तर दोष पडद्याच्या बाजूला, उच्च दाबाच्या मंडलात किंवा काचनळीत. पडदा उजळतो, मुंग्या दिसतात, पण चित्रही नाही आणि आवाजही नाही, तर दोष अँटेनाच्या बाजूला. एका प्रश्नात निम्मे यंत्र निर्दोष सुटे.

हाच प्रश्न संगणकालाही विचारावा. पडदा काळा झाल्यावर गाणे चालूच आहे का? चालू असेल, तर संगणक जिवंत आहे. फक्त चित्राची वाट अडली आहे. उलट सगळे यंत्र एका क्षणात बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर आधी विजेवर संशय घ्यावा. आणि संगणक चालू करताच पहिले अक्षरसुद्धा उमटले नाही, ज्याला आपल्याकडे 'डिस्प्ले येत नाही' म्हणतात, तर ड्रायव्हरचा प्रश्नच येत नाही, कारण ड्रायव्हर अजून जागाच झालेला नसतो. तिथे केबल, स्लॉट, वीज आणि खुद्द कार्ड, एवढेच संशयित.

या शहराला ही शिस्त परकी नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात बांधलेली नहर-ए-अंबरी डोंगराकडचे पाणी जमिनीखालून गावात आणी. आणि पाणचक्कीपाशी मातीच्या नळांतून आलेले पाणी उंच भिंतीवरून हौदात पडते, हे तर सर्वांनी पाहिले आहे. धार बंद झाली म्हणून कोणी ती भिंत खणत बसेल काय? पाणी कुठपर्यंत येते हे टप्प्याटप्प्याने पाहत उगमाकडे जावे लागेल. काळा पडदा म्हणजे ती कोरडी भिंत. तिच्याकडे पाहून काही कळत नाही. मागे चालत गेले पाहिजे.

तर चालू लागू. पहिला टप्पा केबलचा. पडद्याची केबल मदरबोर्डला नव्हे, कार्डालाच लावली आहे ना, ते पाहावे. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण वूडूच्या काळापासून हीच चूक चालत आली आहे. शक्य तर केबल आणि पडदा दोन्ही बदलून पाहावेत.

दुसरा टप्पा बैठकीचा. संगणक बंद करून, प्लग काढून कार्ड उपसावे. त्याच्या सोनेरी दातांवरून स्वच्छ खोडरबर हलक्या हाताने फिरवावे, चुरा झटकावा आणि कार्ड पुन्हा नीट बसवून स्क्रू आवळावा. वजनदार कार्ड एका बाजूला लोंबत असेल, तर खालून टेकू द्यावा.

तिसरा टप्पा ड्रायव्हरचा. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर तसाच ठेवून त्यावर नवा चढवला, की दोघांचे भांडण होते. तो सेफ मोडमध्ये पूर्ण उपटून काढावा आणि कंपनीचा ड्रायव्हर नव्याने घालावा. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून अशी सोय आहे, की कार्डाने साधारण दोन सेकंदांत उत्तर दिले नाही, तर विंडोज त्याला हलवून पुन्हा उठवते. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो तो यामुळे. अशी नोंद पुन्हा पुन्हा दिसली, तर कार्ड अडखळते आहे एवढेच सिद्ध होते; का अडखळते, ते नव्हे.

चौथा टप्पा विजेचा, आणि येथेच बहुतेक निकाल चुकतात. मोठे कार्ड काही मिलिसेकंदांपुरते नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वीज ओढते. हलक्या प्रतीच्या एसएमपीएसला तो झटका सोसत नाही आणि तो मान टाकतो. नाव मात्र कार्डाचे खराब होते. कार्डाला दोन जोडण्या असतील, तर एकाच तारेची दोन तोंडे न लावता दोन स्वतंत्र तारा लावाव्यात. आठ टाचण्यांची जोडणी १५० वॉटसाठी आणि सहाची ७५ वॉटसाठी असते. त्यावरून हिशेब मांडता येतो.

पाचवा टप्पा उष्णतेचा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो, आणि कॅबिनेट भिंतीला चिकटून ठेवलेले असते. पंखे फिरतात का, धूळ किती, थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झाली आहे का, हे पाहावे. मुख्य चिप ७० अंशांवर सुखात दिसते आणि शेजारची मेमरी १०० च्या पुढे गेलेली असते, असेही घडते. कॅबिनेटचे दार उघडून, समोर टेबलफॅन लावून यंत्र टिकले, तर दोष कोणत्या बाजूला आहे ते कळले.

एवढे होऊनही पडदा काळा पडतो, तर आता कार्डाचे पूर्वायुष्य विचारावे. क्रिप्टो चलनाच्या खाणकामासाठी २०१७ नंतर आणि पुन्हा २०२१ च्या सुमारास जगभर हजारो कार्डे रात्रंदिवस राबवली गेली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली, त्या खाणी एका दिवसात निकामी झाल्या आणि ही कार्डे जुन्या बाजारात लोटली. अशा कार्डाचे पंखे झिजलेले असतात आणि मेमरीवरचे थर्मल पॅड आटलेले असतात. अनेकांचा बायॉससुद्धा खाणकामाच्या सोयीने बदललेला असतो. मूळ बायॉस परत घातला, की काही कार्डे शहाण्यासारखी वागू लागतात. याशिवाय जुन्याच चिपवर खोटा बायॉस चढवून तिला नव्या कार्डाचे नाव देणारेही लोक आहेत. जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रामने २०१८ पासून अशी बनावट एनव्हिडिया कार्डे ओळखायला सुरुवात केली. घेण्यापूर्वी विकणाऱ्याच्याच घरी तो चालवून पाहावा.

पण खाणीतले म्हणून कार्ड सरसकट टाकाऊ मानू नये. सतत एका तापमानावर राहिलेल्या चिपपेक्षा, रोज तापून रोज थंड होणाऱ्या चिपच्या सांध्यांवर कधी कधी अधिक ताण येतो. २००८ साली एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या अशाच कमजोर बांधणीपायी १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद जाहीर केली होती. ती कार्डे कुठल्या खाणीत गेली नव्हती.

आता व्हर्लविंडची रीत काढा. कार्डाचा आणि मेमरीचा वेग थोडा उतरवून तेच काम पुन्हा चालवा. उतरत्या वेगावर ते तासन् तास टिकले आणि मूळ वेगावर पडले, तर कार्ड थकलेले आहे, असे पुराव्याने म्हणता येईल. शेवटची साक्ष दुसऱ्या संगणकाची. तेच कार्ड मित्राच्या यंत्रात आणि मित्राचे कार्ड आपल्या यंत्रात घाला. दोष कार्डाबरोबर गेला, तर कार्ड दोषी. घरीच राहिला, तर कार्ड सुटले. चित्रात रंगीत चौकडे, रेघोट्या उमटत असतील, तर बहुधा मेमरी गेली आहे. ते कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा उपाय करू नये. तुटका सांधा चार दिवस धरतो, पुन्हा सुटतो, आणि स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको ते वायू राहतात.

या सगळ्यात नियम एकच पाळायचा : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहून ठेवायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालले, तर काय सुधारले ते कळत नाही. आणि पुढच्या वेळी पहिलाच पाढा.

कोणी म्हणेल, जुन्या कार्डासाठी एवढा खटाटोप कशाला? एक तर ते पैसे वडिलांच्या ओव्हरटाइमचे असतात किंवा मुलाच्या शिकवण्यांचे. दुसरे असे, की कारणाविना टाकलेले प्रत्येक कार्ड कचऱ्यात जाते, आणि त्यातले धातू कुणाच्या तरी उघड्या हातांनी जाळून काढले जातात. आणि तिसरे, पुराव्याविना कुणाला लबाड ठरवणे बरे नव्हे. वही भरलेली असली, म्हणजे विकणाऱ्यापुढे ती उघडून ठेवता येते : एवढे टप्पे पाहिले, कार्ड दोन यंत्रांत घातले, दोन्हीकडे दोष तोच. मग पैसे परत मागायला आवाज चढवावा लागत नाही. आणि दोष आपल्याच एसएमपीएसचा निघाला, तर त्या माणसाला तसा फोनही करावा.