घसारा : यंत्राचा आणि वहीचा

तारापूरच्या किनाऱ्यावरचा खारा वारा लोखंड कसे खातो, हे बोईसरकरांनी व्याख्यानातून शिकावयाचे नाही. खिडकीचा गज असो वा कारखान्याचे छप्पर, तो सर्वांना सारखाच लागतो. परंतु आयकराच्या हिशेबात जी झीज धरतात, तिला घसारा म्हणतात, आणि ती ठरते दिल्लीत. मुंबईत नव्हे, हे मुद्दाम सांगावयास हवे. अमेरिकेत अनेक राज्ये कंपन्यांवर आपापला आयकर बसवितात आणि घसाऱ्याचे नियमही आपल्या सोयीने फिरवितात. आपल्या घटनेने शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर केंद्राकडे ठेवला; म्हणून बोईसरच्या आणि वापीच्या कारखानदाराला दर एकच.

१९२२ च्या कायद्यात ही वजावट मूळ किमतीवर मिळे. १९३९ च्या दुरुस्तीने ती उरलेल्या किमतीवर आली. सर्वसाधारण यंत्राचा १५ टक्के दर धरला, तर लाखाच्या यंत्रावर पहिल्या वर्षी १५,००० रुपये वजा होतात. राहिलेल्या ८५,००० वर दुसऱ्या वर्षी १२,७५०. अशी वजाबाकी कधी शून्यावर येत नाही. जमिनीला मात्र घसारा नाहीच. आल्प्स थिएटरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली इमारतीखालची जागाही त्यातून वगळली.

१९६१ च्या कायद्याखाली पुष्कळ वर्षे पाळ्याही मोजल्या जात. यंत्र दोन पाळ्या चालले तर नेहमीच्या घसाऱ्याच्या निम्मा अधिक, तीन पाळ्या चालले तर तेवढाच आणखी; काही यंत्रांना ही सवलत नव्हती. रात्रपाळीचा भोंगा हिशेबाच्या वहीपर्यंत पोहोचत होता म्हणा ना! १९८८-८९ च्या आकारणी वर्षापासून यंत्रांचे गट पाडले आणि पाळ्यांचा हिशेब संपला. काम सोपे झाले खरे. पण रात्रंदिवस राबणारे यंत्र आणि दिवसा आठ तास चालणारे यंत्र एकाच मापाने झिजू लागले, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

राज्याचा हात या हिशेबात येतो तो अनुदानाच्या वाटेने. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, आणि मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर उद्योग जावेत म्हणून १९६४ पासून राज्याने प्रोत्साहनाची योजना आखली. मग प्रश्न आला : सरकारने यंत्राच्या किमतीच्या प्रमाणात पैसे दिले, तर घसारा पूर्ण किमतीवर की उरलेल्या? पी. जे. केमिकल्सच्या खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले, अनुदान हे मागास भागात जाण्याचे उत्तेजन, ती यंत्राची किंमत नव्हे. घसारा पूर्ण किमतीवर. चारच वर्षांनी, १९९८ च्या वित्त कायद्याने, केंद्राने कलम ४३ ला जोड देऊन असे अनुदान किमतीतून वजा करावयास लावले. राज्याने एका हाताने दिलेल्या पैशाचा काही भाग केंद्राने अशा रीतीने आपल्या खजिन्याकडे वळविला. कारखानदाराची तक्रार पोकळ नव्हती. तरी न खर्चलेल्या पैशावर झीज मागणे आम्हांस अवघडच वाटते.

अणुवीज केंद्राची गोष्ट निराळी. १९६९ साली ते सुरू झाले तेव्हा सरकारी खात्याचे होते, त्यामुळे आयकराचा प्रश्नच नव्हता. सप्टेंबर १९८७ मध्ये त्यासाठी कंपनी झाली. १९९८-९९ च्या आकारणी वर्षापासून वीज निर्माण करणाऱ्यांना मूळ किमतीवर समान हप्त्यांनी घसारा घेण्याची मुभा मिळाली. म्हणजे विजेपुरते १९३९ पूर्वीचे माप परत आले. पहिल्या दोन अणुभट्ट्या २१० मेगावॉटच्या होत्या. वाफेच्या जनित्रांतील नळ्यांनी दगा दिल्यावर त्यांची क्षमता १६० वर आणावी लागली.