नऊ दाबा, माणूस भेटेल

परवा ऑफिसात एक तिकीट आलं. एका क्लायंटच्या फोन सिस्टिमच्या मेन्यूतून 'ऑपरेटरशी बोलण्यासाठी नऊ दाबा' हा पर्याय काढायचा. दहा मिनिटांचं काम. वीकेंडला अकोल्याला आत्याकडे गेलो तेव्हा सहज सांगितलं, तर ती म्हणाली, "काऊन काढता रे बाप्पा? मंग माणसानं बोलाचं कोणासंग?"

आत्या ऐंशीच्या दशकात अमरावतीच्या एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होती. झालं, जेवण राहिलं बाजूला!

तिच्यासमोर कॉर्ड बोर्ड असायचा. प्रत्येक एक्स्टेन्शनचं एक भोक आणि एक छोटा दिवा. दिवा लागला की कॉर्डचं एक टोक त्या भोकात, "नंबर प्लीज", आणि दुसरं टोक हव्या त्या भोकात. आपण ज्यांना फीचर्स म्हणतो ती सगळी तिच्या दोन हातांत होती. कॉर्ड काढून दुसरीकडे खोचली की कॉल ट्रान्सफर. "साहेब बोलतायत, थांबा" म्हणजे होल्ड. साहेब कुठल्या टेबलाशी गप्पा मारतायत हे ठाऊक असल्याने फोन तिकडे, म्हणजे फॉलो मी. आणि साहेबांचं डोकं फिरलेलं असेल तर डू नॉट डिस्टर्ब :-)

बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं आणि वाट बघायची. १९६० साली लखनौ-कानपूर दरम्यान देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली होती, पण ती गावोगावी पोचायला खूप वर्षं गेली.

आता गंमत बघा. ऑपरेटरला हटवण्याची कल्पनाच मुळी संशयातून आली. अमेरिकेत कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्राउजर नावाचा एक माणूस अंत्यविधीचा व्यवसाय करायचा. असं सांगतात की, प्रतिस्पर्ध्याची बायकोच एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती आणि याची गिऱ्हाइकं ती नवऱ्याकडे वळवायची. याने चिडून स्वयंचलित स्विच बनवला. १८९१ मध्ये पेटंट, १८९२ मध्ये ला पोर्ट गावात पहिलं एक्सचेंज. म्हणजे मशीन आलं ते नि:पक्षपाती म्हणून.

आपल्याकडे ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झालं. सॅम पित्रोदा त्याआधी अमेरिकेत डिजिटल स्विचच बनवायचे. सी-डॉटने १२८ पोर्टचं ईपीएबीएक्स बनवलं, आणि जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला ग्रामीण एक्सचेंज बसवलं, एसीशिवाय चालणारं. अकोल्याचा मे महिना ज्याने काढलाय त्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

ईपीएबीएक्समध्ये ट्रान्सफरसाठी फक्त फ्लॅशचं बटण. ते लाइन क्षणभर तोडतं. डायलच्या पल्सपेक्षा जास्त वेळ, पण फोन ठेवल्याइतका नाही. तेवढ्या फटीतून एक्सचेंज ओळखतं की, याला कॉल दुसऱ्याला द्यायचाय. पुढे १९९९ मध्ये मार्क स्पेन्सरला स्वतःच्या छोट्या कंपनीसाठी पीबीएक्स परवडेना, म्हणून त्याने सॉफ्टवेअरमध्येच लिहून काढला. तोच अ‍ॅस्टरिस्क. आता आत्याचा अख्खा बोर्ड म्हणजे माझ्या लॅपटॉपवरची एक कॉन्फिग फाइल.

हे सगळं मी अभिमानाने सांगत होतो. आत्या म्हणाली, "एक सांगू? एकदा साहेबांची मीटिंग चालू होती. कोणाचाच फोन देऊ नको म्हणे. तेवढ्यात खेड्यातून आतल्या एका क्लार्कचा फोन आला. सांगनारा नावच घेत होता नुसता. त्याच्या आवाजातच समजलं मले. देला फोन आत. त्याचा बाप गेला होता. तुमच्या मशिनीले आवाज समजते का रे?"

मी गप्प.

स्ट्राउजरचं खोटं नव्हतं. माणसाच्या हातात निर्णय असला की तो वाकडाही वापरता येतो. ऑपरेटर चोरून ऐकतात ही तक्रारही जुनीच. पण नियम मोडायची सोयही त्याच हातात होती. आपण फीचर्स सगळी उचलली, फक्त हे एक कुठल्याच मॅन्युअलमध्ये नव्हतं म्हणून राहून गेलं.

सोमवारी क्लायंटला मेल टाकला: नऊ काढतो, पण दोनदा काहीच दाबलं नाही तर कॉल रिसेप्शनला जाऊ द्या. उत्तर आलेलं नाही. तिकीट अजून बंद केलेलं नाही.