पर्यवेक्षक वकील, धर्मस्वातंत्र्य क्लिनिक

अमेरिकेतील लॉ स्कूलच्या धर्मस्वातंत्र्य क्लिनिकमध्ये विद्यार्थ्यांकडून खऱ्या अशिलांची कामे करवून घेणारा आणि त्या कामांबद्दल न्यायालयाला जबाबदार असणारा सनदधारक वकील. या प्रकारचे पहिले क्लिनिक जानेवारी २०१३मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे सुरू झाले. जेम्स सॉन हे त्याचे संस्थापक संचालक. पुढे हार्वर्ड, नोत्र दाम आदी ठिकाणीही अशी क्लिनिके निघाली.

कामाचे स्वरूप : न्यायालयात जाण्याची मुभा विद्यार्थ्याला त्या त्या राज्याच्या नियमाने मिळते, पण अटींवर. कॅलिफोर्नियात अशिलाची संमती लागते, दाखल होणारा कागद पर्यवेक्षकाने वाचून मंजूर करावा लागतो आणि सुनावणीला त्याने स्वतः हजर राहावे लागते. विद्यार्थ्याची चूक झाली तर पर्यवेक्षकाची सनद पणाला लागते. तरीही युक्तिवाद विद्यार्थ्यालाच करू द्यायचा असतो. चुकीचा मसुदा स्वतः दुरुस्त केला तर दहा मिनिटांत काम होते. विद्यार्थ्याकडून तो चार वेळा लिहून घ्यायला आठवडा जातो, आणि न्यायालयाची मुदत थांबत नाही. भरतीत खरी पारख इथेच होते. न्यायालय गाजवणारा वकील इथे हमखास चांगला ठरतो असे नाही. खुर्चीत गप्प बसणे त्याला जमत नाही.

प्रकरणे प्रामुख्याने तीन ठिकाणांहून येतात : तुरुंग, बांधकाम परवाना आणि नोकरी. पहिल्या दोहोंना २०००चा संघीय कायदा लागू होतो. आर्कान्सातील एका मुस्लिम कैद्याला अर्धा इंच दाढी ठेवू द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५चा एकमुखी निकाल (होल्ट विरुद्ध हॉब्स) याच कायद्याखालचा. नोकरीसाठी १९६४चा नागरी हक्क कायदा आहे. रविवारी काम न करणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याच्या ग्रॉफ खटल्यात २०२३मध्ये न्यायालयाने मालकाची जबाबदारी वाढवली. उमेदवाराला हे निकाल ठाऊक असणे गृहीतच धरतात. पण नगर नियोजन मंडळापुढे वाहनतळाच्या जागेवरून तासभर हुज्जत घालण्याची चिकाटीही त्याला लागते, कारण प्रार्थनास्थळाचा परवाना बहुधा अशाच मुद्द्यावर अडतो.

भरती : अर्जासोबत परिचयपत्र, कारकिर्दीचा तपशील, स्वतःच्या कायदेशीर लेखनाचा नमुना आणि संदर्भ देणाऱ्यांची नावे मागवतात. काही वर्षांचा खटल्यांचा अनुभव हवा असतो. संघीय न्यायाधीशाकडे क्लार्क म्हणून केलेले काम वजनदार ठरते. सनद राज्यापुरती असल्याने परराज्यातील उमेदवाराची अडचण होते. कॅलिफोर्निया दुसऱ्या राज्याची सनद परीक्षेशिवाय मान्य करत नाही, तिथे अनुभवी वकिलालाही बार परीक्षेला बसावे लागते. पद अनेकदा ठरावीक मुदतीच्या कराराचे असते. पूर्णवेळ क्लिनिकल प्राध्यापकांना कायमपदासारखी सुरक्षितता द्यावी असा अमेरिकन बार असोसिएशनचा निकष आहे, पण मुदतबंद पर्यवेक्षकापर्यंत तो सहसा पोचत नाही.

वाद : स्टॅनफर्डच्या क्लिनिकला धर्मस्वातंत्र्याचे खटले लढवणाऱ्या बेकेट फंड या संस्थेमार्फत १६ लाख डॉलरचे अनुदान मिळाले, तेव्हा ही पुराणमतवाद्यांची शाखा होणार का, अशी शंका घेतली गेली. त्यामुळे मुलाखतीत उमेदवाराच्या स्वतःच्या श्रद्धेपेक्षा, त्याला न पटणाऱ्या श्रद्धेची बाजू तो किती नेटाने मांडेल, हे तपासणे शहाणपणाचे. ज्यू, मुस्लिम, शनिवार पाळणारे अॅडव्हेंटिस्ट असे सगळेच अशील म्हणून येऊ शकतात. एकाच पंथाची कामे घेणारा पर्यवेक्षक विद्यार्थ्यांना अर्धाच कायदा शिकवेल.

भारतातील स्थिती : अधिवक्ता अधिनियम, १९६१ प्रमाणे वकिलीचा हक्क फक्त नोंदणीकृत वकिलांना असल्याने भारतीय विद्यार्थ्याला अशिलाच्या वतीने उभे राहता येत नाही. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांनी विधी महाविद्यालयात विधी साहाय्य केंद्र आवश्यक केले. ते ज्येष्ठ अध्यापकाच्या देखरेखीखाली चालते, मात्र विद्यार्थ्याच्या युक्तिवादावर सही करणाऱ्या पर्यवेक्षकाची तिथे गरज पडत नाही.