दूधसागर : दुधाआडचे मीठ

कुळे स्टेशन मागे पडले की गाडी घाट चढू लागते. बोगद्यामागून बोगदे येतात आणि एकाएकी डब्यातली सारी माणसे एकाच बाजूच्या खिडक्यांकडे धावतात. समोर सुमारे ३१० मीटर उंचीवरून मांडवी कोसळत असते. पावसाळ्यात पाणी इतके पांढरे दिसते की 'दूधसागर' हे नाव कुणी समजावून सांगावे लागत नाही.

त्याची लोककथाही दुधाचीच. घाटातल्या राजवाड्यातली राजकन्या तळ्यात स्नान करी आणि मग सोन्याच्या घागरीतले साखर घातलेले दूध पिई. एकदा झाडीआडून एक राजपुत्र तिच्याकडे पाहताना दिसला. सख्यांनी चटकन घागर उपडी केली. दुधाचा पडदा उभा राहिला आणि त्याआड राजकन्येने वस्त्रे नेसली. तेच दूध अजून वाहते आहे म्हणतात. या कथेत राजकन्येला नाव नाही, पण तिची हया राखायला तलवार निघत नाही, सख्या धावतात. मला तरी ही गोष्ट त्यामुळेच आवडते.

मात्र ज्या पुलावरून आपण हे दूध पाहतो, त्या पुलाची कथा मिठाची आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला. त्यातून मुरगाव बंदर आणि तिथून घाट चढून कॅसलरॉकला जाणारी रेल्वे उभी राहिली. १८८०च्या दशकात मजुरांनी हा डोंगर फोडला. बदल्यात गोव्यातल्या मिठाचे उत्पादन आणि विक्री ब्रिटिशांच्या ताब्यात गेली. पोर्तुगीज सरकारला त्यापोटी वर्षाला ४ लाख रुपये मिळणार होते. खाडीकाठच्या मिठागरात उन्हात राबणाऱ्याला कुणी विचारले नाही. पिढ्यान्‌पिढ्या जे मीठ त्याने आपल्या हाताने ओढले, त्यावर परक्या अंमलदाराचा पहारा बसला. गोव्याच्या मिठाचा जुना व्यापार खचला. दुधात मिठाचा खडा पडावा तसा हा करार गोव्याला पडला, असे माझे मत.

१८९२ साली करार संपला. रूळ राहिले. याच गाडीने पुढे कितीतरी गोवेकर पोटासाठी घाट ओलांडून ब्रिटिश मुलखात गेले. दूधसागर त्यांच्याही खिडकीतून मागे पडला असेल.