सुईणीचा हात

माझी आजी डोंगरकड्याची सुईण. मांगवाड्यातल्या बायांकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. गावातल्या किती लेकरांच्या अंगावरून पहिला हात तिचा फिरला, याची गणती नाही. पण बारसे झाले की तीच आजी उंबऱ्याबाहेर. पाणी मागितले तर ओंजळीत वरून धार.

ज्या हाताने जीव हाती घेतला त्याचा विटाळ कसा होतो? शरीराला हा विटाळ कळतो काय?

कातडीतून मेंदूकडे स्पर्श नेणारे मज्जातंतू मुख्यतः दोन प्रकारचे. जाड तंतू वेगवान. कुठे, काय लागले ते तत्काळ सांगतात. दुसरे बारीक, आवरण नसलेले; त्यांचा संदेश सेकंदाला सुमारे एक मीटर इतक्या संथपणे जातो. झोटरमन या स्वीडिश शास्त्रज्ञाला ते १९३९ मध्ये मांजरात आढळले. माणसातही ते आहेत, हे पुढे स्वीडनमध्येच सिद्ध झाले. जाड तंतू निकामी झालेल्या एका स्त्रीच्या हातावरून मऊ कुंचला फिरवला, तेव्हा तिला अस्पष्ट पण सुखद जाणीव झाली, असे ओलाउसन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये नोंदवले. हे तंतू सर्वाधिक जागे होतात ते सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर गतीने, अंगाच्याच उबेने फिरणाऱ्या स्पर्शाने. म्हणजे लेकराला थोपटून झोपवताना पाठीवरून फिरणाऱ्या हाताने.

या तंतूंना हात कोणाचा ते ठाऊक नसते. तो कोणाचा, हे मेंदू ठरवतो, आणि त्यावरून तोच स्पर्श सुखाचा किंवा किळसेचा होतो. विटाळ कातडीत नाही. तो शिकवणुकीत आहे. तान्ह्या लेकराला आजीचा हात गोडच लागला. किळस त्याला नंतर घरानेच शिकवली.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सवर्णांनी शेण-गोमूत्राने तळे ‘शुद्ध’ केले. पाणी बदलले नव्हते. बाटली होती ती शिकवण. १९५० मध्ये संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ मध्ये ती शिक्षापात्र गुन्हा ठरली. कायद्याने विहीर मोकळी झाली. पण पुढे आलेला हात पाहून आखडणारे अंग कोणत्या कलमात बसवायचे?

मी पदवी घेऊन आलो तेव्हा आजीने पाठीवरून हात फिरवला. सावकाश. घरातला पहिला पदवीधर मी. पण स्पर्शाचे शास्त्र त्या निरक्षर हाताला आधीच येत होते. शिकवायचे राहिले आहे ते वाड्यातल्यांना. ते काम आता आपणा शिक्षकांचे आहे.